महापालिका शाळेतल्या जागा: कोण मोजतं, कोण बांधतं, पैसा कुठून येतो? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीपुरती आहेत. भर पहिली ते आठवीवर आहे, कारण कायद्याची सक्ती तेवढ्याच इयत्तांना लागू होते. खासगी शाळांच्या फीबद्दल इथे काही नाही.

एका शाळेत किती मुलं मावतात हे कशावरून ठरतं?

तीन गोष्टी जुळाव्या लागतात: खोली, मंजूर शिक्षक, आणि त्या मुलाचं माध्यम चालणारं सत्र. तिन्हींचा हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर असतो. खोल्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पदं संच मान्यतेत (पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करण्याची शासनाची प्रक्रिया), माध्यमाची मागणी शिक्षण विभागाकडे. तुटवडा बहुतेक वेळा या तिघांची वेळ न जुळल्याने होतो. पैसा नाही हे कारण त्यानंतर येतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रमाण दिलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा. दोनशेच्या वर मात्र एका शिक्षकामागे ४० मुलांपर्यंत चालतं. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रॅम्प, पोषण आहारासाठी स्वयंपाकाची जागा, मैदान आणि कुंपण हेही त्याच परिशिष्टात आहे.

एक खोच लक्षात ठेवा: हे प्रमाण शाळेच्या एकूण पटावर काढतात, वर्गावर नाही. पहिलीत ५५ मुलं कोंबलेली आणि पाचवीत १८ असली तरी कागदावर शाळा नियमात बसते.

शाळा देणं महापालिकेला बंधनकारक आहे की ऐच्छिक?

प्राथमिक शिक्षण बंधनकारक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही ते आवश्यक कर्तव्यांत मोडतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ त्याहून स्पष्ट आहे: परिसरात शाळा उपलब्ध करणं, हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणं, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं. माध्यमिक शाळा चालवणं मात्र महापालिकेच्या मर्जीवर आहे. नववीत जागा मिळवताना होणारी दमछाक इथूनच सुरू होते.

घरापासून किती अंतरावर शाळा हवी?

राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. नकाशावर हे अंतर हवाई मोजलं की ठाण्यात गोंधळ होतो. घोडबंदर रस्त्याच्या अलीकडे घर आणि पलीकडे शाळा, किंवा दिव्यात रुळांच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला शाळा, अशा ठिकाणी ६०० मीटरचं अंतर सात वर्षांच्या मुलाला एकट्याने पार करता येत नाही. मागणी अर्ज करताना चालण्याचा खरा रस्ता काढून दाखवावा आणि तो कुठे तुटतो ते लिहावं.

पुढच्या पाच-सहा वर्षांत किती मुलं येणार, याचा अंदाज कसा बांधतात?

शेवटची प्रसिद्ध जनगणना २०११ ची. तेव्हा ठाणे महापालिका हद्दीत सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईत सुमारे ११.२ लाख लोक होते. त्या आकड्यांवर आज कासारवडवली, दिवा किंवा घणसोलीची गरज काढणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. म्हणून बाकीचे धागे जोडावे लागतात.

पहिला धागा जन्मनोंदी. जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आई-वडील राहतात तिथे नाही. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात भिवंडी, शहापूर, अगदी पालघरच्या बाजूच्या बायकाही बाळंतपणाला येतात. उलट ठाण्यात राहणारी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी सातारा-जळगावला जाते आणि त्या बाळाची नोंद तिकडे होते. त्यामुळे एकूण जन्मसंख्या घेऊन उपयोग नाही. नोंदीत आईचा राहता पत्ता असतो, तो लावून प्रभागवार चाळणी करावी लागते. हे काम कंटाळवाणं असल्याने टाळलं जातं, आणि मग कळवा प्रभागात फुगलेला आकडा दिसतो.

दुसरा धागा लसीकरणाच्या आणि पल्स पोलिओच्या याद्या. पोलिओचं पथक घरोघरी जातं, त्यामुळे माहेरी जन्मलेलं बाळही तिथे सापडतं. शाळेच्या नियोजनासाठी आरोग्य केंद्राची ही यादी जन्मनोंदीपेक्षा जास्त कामाची आहे. दुर्दैवाने ती आरोग्य विभागातून शिक्षण विभागात आपोआप जात नाही, मागावी लागते.

तिसरा अंगणवाड्यांची पटनोंदणी. चौथा युडायस प्लसमधला (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) इयत्तावार पट: यंदा पहिलीत असलेली मुलं पुढच्या वर्षी दुसरीत किती उरली, पाचवीतून सहावीत किती गेली. पाचवीनंतर अनुदानित हायस्कूलकडे जाणारा ओघ त्यातूनच दिसतो.

प्रत्यक्ष गणित करून दाखवता का?

आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत, कोणत्याही एका प्रभागाचे नाहीत.

समजा, सहा वर्षांपूर्वी प्रभागातल्या पत्त्यांवर १,२०० जन्म होते आणि यंदा महापालिकेच्या पहिलीत ३०० मुलं आली. म्हणजे वाटा २५ टक्के. गेल्या वर्षीचे जन्म १,०००, म्हणून सहा वर्षांनी पहिलीत २५० मुलं धरू. नव्या वस्तीची ५ मिळवली की २५५. गळती शून्य मानली तर प्रत्येक इयत्तेत २५५.

पहिली ते पाचवी, ३० च्या तुकडीने: ९ तुकड्या गुणिले ५ इयत्ता, म्हणजे ४५. सहावी ते आठवी, ३५ च्या तुकडीने: ८ गुणिले ३, म्हणजे २४. एकूण ६९ तुकड्या.

प्रभागात २८ खोल्या आहेत आणि शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरतात, म्हणजे ५६ तुकड्या बसतात. तूट १३ तुकड्यांची, ७ नव्या खोल्यांत भागेल. आता सगळी शाळा एकाच सत्रात भरवायची ठरवा: ४१ खोल्या कमी पडतात. आणि पहिली-पाचवीला ३० ऐवजी ४० ची तुकडी धरा: एकूण ५९ तुकड्या होतात, तूट ३ वर येते आणि २ खोल्यांत काम निभावतं.

एकाच प्रभागाची गरज २ खोल्या, ७ खोल्या किंवा ४१ खोल्या अशी तिन्ही प्रकारे खरी सांगता येते. म्हणून कोणी "पुरेशा जागा आहेत" म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे: तुकडी कितीची धरली, आणि सत्रं किती.

दोन सत्रांत शाळा भरली तर बिघडतं कुठे?

तास कमी पडतात. कायद्याप्रमाणे पहिली-पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी-आठवीला २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं हवं. सकाळचं सत्र सातला सुरू होऊन साडेबाराला संपवायचं, मधे पोषण आहार उरकायचा, लगेच दुसरी शाळा आत घ्यायची, यात वरच्या वर्गांचे तास गळतात. एका इमारतीत सकाळी मराठी, दुपारी हिंदी किंवा उर्दू, अशा दोन-तीन शाळा क्रमांक असतील तर प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाची खोली कुणाचीच राहत नाही. साफसफाईला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. स्वच्छतागृहांच्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

नवीन टॉवर झाले की शाळेची गरज वाढते का? त्यातली मुलं तर खासगी शाळेत जातात.

टॉवरमधली बहुतेक जातात, हे बरोबर. पण प्रत्येक मोठ्या संकुलामागे घरकाम करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, चालक, इस्त्रीवाले, बांधकाम मजूर यांची कुटुंबं जवळपासच्या गावठाणात आणि चाळींत येतात. त्यांची मुलं महापालिकेच्याच शाळेत येतात. घोडबंदर पट्ट्यात भोगवटा प्रमाणपत्रं (पूर्ण झालेली इमारत वापरायची परवानगी) मोजून टॉवरच्या मुलांना शून्य गुण देणारा अंदाज हमखास चुकतो, कारण ओवळा-भाईंदरपाड्याच्या जुन्या वस्तीत भाड्याने राहायला आलेली माणसं त्याने मोजलेलीच नसतात.

दिवा, मुंब्रा, दिघा इथे तर भोगवटा प्रमाणपत्रच नसतं. तिथे मोजायचं कसं?

मालमत्ता कराच्या नोंदींवरून. अनधिकृत बांधकामालाही कर आकारला जातो, त्यामुळे कर विभागाला ती घरं माहीत असतात. घरगुती वीजजोडण्यांची वाढ हा दुसरा चांगला निर्देशक. नवी मुंबईत तुर्भे-दिघ्याच्या डोंगराकडच्या वस्त्या आणि दगडखाणींच्या परिसरात हंगामी येणारी कुटुंबं असतात; तिथे दिवाळीनंतर पुन्हा एकदा शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं नाही, तर जूनमधला आकडा निम्मी गोष्ट सांगतो.

नौपाड्यात वर्ग ओस आणि दिव्यात दाटी. मुलं किंवा शिक्षक हलवत का नाहीत?

शिक्षक हलतात. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं, पण माध्यम तेच हवं. मराठी माध्यमाचा अतिरिक्त शिक्षक उर्दू शाळेची रिक्त जागा भरू शकत नाही. मुलांचं तर १ किलोमीटरचं बंधन आहे. खोली उचलून नेता येत नाही हे उघडच आहे.

ही रिकामी जागा वापरायचा एक मार्ग म्हणजे तिथेच सेमी इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमाची तुकडी उघडणं. नवी मुंबई महापालिकेच्या सीवूड्स आणि कोपरखैरणेच्या सीबीएसई शाळांकडे पालकांचा जो ओढा आहे, त्यावरून मागणी कुठे आहे हे वेगळं सांगायला नको. पण असं करताना शेजारच्या मराठी शाळेचा पट गळतो आणि तिची पदं कमी होतात. हा निर्णय शिक्षणाचा जितका, तितकाच राजकीय असतो.

शाळेसाठी जमीन कुठून येते?

विकास आराखड्यातून. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली महापालिका आराखडा करते आणि त्यात शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित होतात. २० वर्षांतून किमान एकदा त्याची सुधारणा व्हावी लागते. ठाण्याच्या सुधारित आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये हरकतींसाठी जाहीर झाला. नवी मुंबई महापालिकेने स्वतःचा पहिला प्रारूप आराखडा २०२२ मध्ये मांडला. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि तिला ०.४० हेक्टर जागा असा मापदंड आहे. दाट वस्तीत इतकी जागा मोकळी नसते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून लहान भूखंडावर चार-पाच मजले चढतात.

आरक्षण दाखवलं म्हणजे शाळा आली, असं समजू नका. पायऱ्या चार आहेत: आरक्षण, संपादन, ताबा, आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव. तुमच्या भागातला भूखंड कुठल्या पायरीवर आहे हे बघायचं असेल तर आधी शहर विकास विभागातून आराखड्याचा भाग-नकाशा आणि सर्व्हे क्रमांक घ्या, मग सातबारा काढा. मालकाच्या रकान्यात अजून खासगी नाव असेल तर इमारतीसाठी बजेटमध्ये कितीही तरतूद दिसो, काम सुरू होत नाही.

आरक्षण रद्द होऊ शकतं का?

होऊ शकतं. आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली, तरी जमीन घेतली नाही, तर मालक त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. नोटीस आली की घड्याळ सुरू होतं, आणि अशी नोटीस एखाद्या फायलीत पडून राहणं हे शाळेची जागा गमावण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. "शाळेच्या आरक्षणांवर कलम १२७ च्या किती नोटिसा प्रलंबित आहेत, प्रत्येकीची तारीख काय" हा प्रश्न नगरसेवकाने दर सहा महिन्यांनी विचारावा असा आहे.

रोख मोबदला महाग पडतो, म्हणून बहुतेकदा मालकाला विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकताही येणारा हक्क) दिला जातो. दुसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा: मालक भूखंडाचा काही भाग किंवा बांधलेली शाळा महापालिकेला देतो आणि उरलेल्यावर स्वतः बांधतो. यात पैसे वाचतात. मैदान मात्र बहुधा हातचं जातं.

नवी मुंबईत जमीन सिडकोची. मग महापालिका काय करते?

मागते. सिडको (नवी मुंबई वसवणारं राज्याचं महामंडळ) १९७० मध्ये स्थापन झाली, महापालिका १९९२ मध्ये. नोडची (नियोजित उपनगरांची) आखणी आणि भूखंडवाटप सिडकोने केलं, शाळांचे भूखंड शिक्षणसंस्थांना भाडेपट्ट्याने दिले आणि काही महापालिकेला हस्तांतरित केले. महापालिकेने आपल्या प्रारूप आराखड्यात आरक्षित दाखवलेल्या भूखंडांवरून दोन्ही यंत्रणांचा वाद झाला, कारण जमिनीची मालकी सिडकोची आणि नागरी सुविधांची जबाबदारी महापालिकेची. एमआयडीसीच्या, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, पट्ट्यात तिसरा मालक येतो. दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर इथल्या वस्तीसाठी शाळा हवी तर पत्रव्यवहार एमआयडीसीशी. तेव्हा नवी मुंबईत शाळेची मागणी करताना पहिला प्रश्न: भूखंड कोणाचा?

मोठ्या गृहसंकुलाकडून शाळेसाठी जागा किंवा पैसा घेता येतो का?

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात ५ टक्के सुविधा क्षेत्र ठेवायचं आहे. पण सुविधा म्हणजे फक्त शाळा नाही; दवाखाना, बाजार, अग्निशमन केंद्र सगळे त्याच पाच टक्क्यांवर टपून असतात. विकास शुल्कही घेतलं जातं, मात्र त्यातला अमुक हिस्सा शाळेलाच असा दंडक नाही. शिक्षण विभागाने नकाशा मंजुरीच्या वेळीच लेखी मागणी नोंदवली नाही तर नंतर बोलून फायदा नाही.

शाळा चालवायला पैसा नेमका कुठून येतो?

महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून मोठा वाटा: मालमत्ता कर, बांधकाम परवानग्यांचं उत्पन्न, आणि जीएसटीची भरपाई. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, स्थानिक संस्था कर गेला, आणि त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा रक्कम देतं. ती उशिरा आली की आधी पगार, मग ठेकेदारांची बिलं, आणि नव्या कामांचा नंबर शेवटी.

राज्याकडून मान्य पदांच्या वेतनापोटी ठरावीक हिस्सा अनुदान म्हणून मिळतो. मान्य पदांच्या, हे महत्त्वाचं. महापालिकेने गरजेपोटी ठोक मानधनावर घेतलेल्या शिक्षकाचा भार तिचाच.

केंद्र-राज्याची समग्र शिक्षा योजना (२०१८ पासून) ६० : ४० या प्रमाणात चालते. गणवेश, पाठ्यपुस्तकं, दिव्यांग मुलांसाठीची मदत, थोडंफार बांधकाम त्यातून होतं. जिल्हा नियोजन समिती, खासदार-आमदार निधी आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) हे वरचे तुकडे. संगणक, शेड, रंगकाम यासाठी ठीक. दहा वर्षांचा शिक्षकांचा पगार यातून निघत नाही. सीएसआरमधून चकाचक इमारत उभी राहते आणि तिच्या वीजबिल-साफसफाईची तरतूद कुणी केलेलीच नसते, असं होतं. देणगीचा ठराव करतानाच वार्षिक देखभालीचा आकडा लिहून घ्यावा.

मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कर असतो, तो आमच्या शाळेलाच जातो ना?

राज्य शिक्षण कराच्या नावाने लावलेली रक्कम महापालिका फक्त वसूल करते आणि शासनाकडे भरते. १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियमाखालची ही आकारणी आहे. तुमच्या वॉर्डातल्या शाळेशी तिचा थेट संबंध नाही.

बजेटमध्ये आमच्या शाळेचे पैसे आहेत की नाहीत, कसं बघायचं?

महसुली आणि भांडवली असे दोन भाग वेगळे काढा. पगार, पोषण आहार, दुरुस्ती महसुली. नवी इमारत, जादा मजला भांडवली. भांडवली भागात तीन रकाने शेजारी ठेवून वाचा: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज अगदी चिल्लर, असं दोन वर्षं लागोपाठ दिसलं तर काम जागेवरच आहे. लेखाशीर्षासमोर नाममात्र रक्कम असेल तर ती फक्त खातं उघडं ठेवण्यासाठी. दायित्वाचा तक्ताही बघा: आधीच्या कामांची थकीत बिलं यंदाच्या तरतुदीतून जाणार असतील तर नव्या कामाला काय उरणार?

आयुक्त साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, तिथून ते महासभेत जातं, १ एप्रिलला नवं वर्ष. लोकप्रतिनिधी नसताना (नवी मुंबईत २०२० पासून, ठाण्यात २०२२ पासून काही वर्षं) ही सगळी मंजुरी प्रशासकाच्याच सहीने होत होती. विभागांच्या मागण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा होतात. जानेवारीत निवेदन घेऊन जाणारे पालक वर्षभर उशिरा पोचतात.

खोल्या तयार, तरी शिक्षक नाहीत. असं का?

संच मान्यतेमुळे. पदं आधीच्या पटावर मंजूर होतात. त्यासाठी मुलांची आधार नोंदणी वैध असावी लागते. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यात एका अक्षराची तफावत असली तरी नोंद जुळत नाही आणि ते मूल वर्गात बसलेलं असूनही मोजलं जात नाही. दिवा-मुंब्र्यासारख्या स्थलांतरितांच्या भागात अशी मुलं जास्त. एका शाळेत २१० मुलं असून १९६ चीच नोंद वैध ठरली, तर एक पद जाऊ शकतं. ऑगस्टमध्येच वर्गशिक्षकाकडून न जुळणाऱ्या नावांची यादी घेऊन आधार केंद्राचं शिबिर शाळेत लावणं, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले. कमी पटाच्या शाळांची पदं त्यात धोक्यात येतात, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. मंजूर पद असलं तरी भरती पवित्र पोर्टलमार्फत, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर; ती दरवर्षी होत नाही.

नवीन इमारतीला किती वेळ लागतो?

जागा हातात असेल तर तीन वर्षं धरा. मृद परीक्षण आणि नकाशे, अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मग दोन पावसाळे धरून बांधकाम, शेवटी अग्निशमन ना-हरकत आणि भोगवटा. अडतं ते बहुधा तीन ठिकाणी: निविदेला प्रतिसाद नाही म्हणून फेरनिविदा, भूखंडावरचं अतिक्रमण, आणि जुनी इमारत धोकादायक ठरल्यावर मुलांना तात्पुरतं कुठे बसवायचं याचं न केलेलं नियोजन. युडायस क्रमांक आणि पदांचा प्रस्ताव इमारतीचा स्लॅब पडत असतानाच पाठवायचा असतो. इमारत पूर्ण झाल्यावर पाठवला तर एक शैक्षणिक वर्ष वाया जातं.

खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल आणि वंचित मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांमुळे महापालिकेचा भार कमी होतो का?

काही प्रमाणात. त्या जागांची प्रतिपूर्ती राज्य सरकार करतं, महापालिका नाही. राज्याने ठरवलेला दर प्रति विद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी ते. ही रक्कम थकते ही शाळांची जुनी तक्रार. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. सोडत ऑनलाइन लागते. जागा मिळेलच असं धरून महापालिका शाळेतलं नाव काढू नका. आधी पक्का प्रवेश, मग दाखला.

जवळ स्वस्त इंग्रजी शाळा निघाली आहे. मान्यता आहे का ते कसं कळेल?

अकरा अंकी युडायस क्रमांक आणि मान्यतेचं पत्र मागा. मान्यता नसलेली शाळा चालवणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली गुन्हा आहे: १ लाखापर्यंत दंड, पुढे रोज १०,००० पर्यंत. ठाणे महापालिका अशा शाळांची यादी जाहीर करते आणि त्यात दिव्याची नावं ठळकपणे असतात. यात नवल नाही. जिथे अधिकृत जागा कमी, तिथे या शाळा पिकतात. नुसतं टाळं लावून प्रश्न सुटत नाही, कारण बंद शाळेतली मुलं दुसऱ्या दिवशी कुठल्या वर्गात बसणार हे आधी ठरलेलं नसतं.

बालवाडीची जागा हक्काने मिळते का?

नाही. सक्ती सहा वर्षांपासून. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. त्याआधी अंगणवाडी किंवा जिथे असेल तिथे महापालिकेची बालवाडी.

दिव्यांग मुलाला वरच्या मजल्यावरचा वर्ग दिला आहे.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. वर्ग तळमजल्यावर आणणं हे वेळापत्रकाचं काम आहे, त्याला निधी लागत नाही. लिफ्टची वाट बघत बसू नका.

पालकांनी मागणी कुठे आणि कशी मांडावी?

शाळा व्यवस्थापन समितीतून. तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. आराखडा तीन वर्षांचा, त्यात वर्षवार भाग. बऱ्याच शाळांत तो मागच्या वर्षीचाच तारीख बदलून पुढे जातो. सप्टेंबरच्या बैठकीत इयत्तावार पट, खोल्या, सत्रं, बंद पडलेली स्वच्छतागृहं आणि प्रतीक्षा यादीतली मुलं असा एका पानाचा तक्ता जोडून ठराव करा. त्याची प्रत शिक्षण विभाग आणि प्रभाग कार्यालयाला द्या, पोच घ्या.

माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून ३० दिवसांत उत्तर मिळतं. "शाळेची स्थिती काय" असं मोघम विचारू नका. अमुक शाळा क्रमांकाची मागच्या तीन वर्षांची संच मान्यता, अमुक सर्व्हे क्रमांकाच्या आरक्षणाची ताबा पावती, अमुक लेखाशीर्षाचा प्रत्यक्ष खर्च, असं मागा.

वर्षाच्या मधेच राहायला आलो. शाळा म्हणते जागा नाही, दाखलाही गावाला अडकलाय.

मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १५), वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४), आणि आधीच्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला हेही नकाराचं कारण होऊ शकत नाही (कलम ५). मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं. अर्ज लेखी द्या. तोंडी नकाराला कुठेच काही किंमत नाही. एका शाळेत खरोखर खोलीच नसेल तर जवळच्या दुसऱ्या शाळेत सोय करणं हे शिक्षण विभागाचं काम. तुम्ही शाळा-शाळा हिंडायची गरज नाही. तरी काही हललं नाही तर कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करा, तिने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मूल घरी ठेवू नका; जिथे मिळेल त्या महापालिका शाळेत नाव घाला, तिथून बदली मागता येते.